बालकाचा भोवताल आणि त्याची रुजुवात

मोकळी हवा, झाडाची सावली, पुरेशी झोप आणि स्वतःच्या पायांनी केलेली थोडीफार भटकंती या गोष्टी मुलांच्या वाढीला उपकारक असतात, हे कोणालाही अमान्य नाही. आणि मला वाटते, त्यांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचे मूळ या सर्वमान्यतेतच आहे. ज्या गोष्टीविषयी वाद नसतो तिची चौकशी होत नाही, चौकशी झाली नाही म्हणजे तिचे प्रमाण ठरत नाही, आणि जिचे प्रमाण ठरलेले नाही ती गोष्ट शाळेच्या वेळापत्रकात, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात किंवा सरकारी हुकमात कोणत्या रकान्यात मांडावी हे कोणाला समजत नाही. गणिताला आठवड्याचे तास किती आणि भाषेला किती, याचा तपशील शिक्षण खात्याच्या दप्तरी असतो. उजेडाला किती, सावलीला किती, निवांतपणाला किती, हे कोठेच लिहिलेले नसल्यामुळे वर्गखोल्या वाढवावयाच्या झाल्या की पहिली गदा मैदानावर येते, अभ्यासक्रम वाढला की मधल्या सुटीवर येते, आणि शाळेची दोन सत्रे भरवावयाची झाली की ती लहानग्यांच्या झोपेवर येते.

गेल्या पन्नास वर्षांत जगातील निरनिराळ्या देशांत काही अभ्यासकांनी हा सर्वमान्य समजुतीचा मामला रीतसर चौकशीसाठी हाती घेतला. त्यांच्या मार्गातील अडचण वरवर दिसते त्यापेक्षा बिकट आहे. ज्या वस्तीत झाडे असतात त्या वस्तीत बहुधा सुस्थितीतील कुटुंबे राहतात. तेथील घरे मोठी, आहार सकस, पुस्तके विपुल. तेव्हा तेथील मूल अभ्यासात पुढे आहे असे आढळले, तर त्याचे श्रेय दारातल्या कडुलिंबाला द्यावे की बापाच्या पगाराला, हे नुसत्या पाहण्याने ठरविता येत नाही. निसर्गावर प्रेम करणाऱ्या लेखकाला ही अडचण जाणवत नाही, कारण त्याला स्वतःचा प्रत्यय पुरतो. संशोधकाला त्या प्रत्ययाची रुजुवात करावी लागते, आणि त्यासाठी बाकीची सर्व परिस्थिती सारखी असून एकच गोष्ट निराळी आहे अशी जागा शोधावी लागते.

अशी जागा न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ विदुषीला सापडली. तेथील एका सरकारी शाळेच्या इमारतीची एक बाजू उंचावरून जाणाऱ्या लोहमार्गाला लागून होती, आणि शाळेच्या वेळात दर साडेचार मिनिटांनी जाणाऱ्या गाडीच्या धडधडाटात त्या बाजूच्या वर्गांतील शिकवणे थांबत असे. दुसऱ्या बाजूचे वर्ग त्या मानाने शांत होते. मुले एकाच वस्तीतली, शाळा तीच, पुस्तके तीच, फरक काय तो भिंतीच्या बाजूचा. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसून आले की, गोंगाटाच्या बाजूला बसणारी मुले सहावीपर्यंत वाचनात जवळजवळ एका वर्षाने मागे पडत होती. पुढे लोहमार्गाच्या व्यवस्थापनाने रुळांखाली रबर बसविले, शिक्षण मंडळाने वर्गांच्या छतांना आवाज शोषून घेणारी आवरणे लावली, आणि १९८१ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा दोन्ही बाजूंची मुले सारखीच वाचीत होती. या हकिकतीचा उत्तरार्ध मला पूर्वार्धापेक्षा मोलाचा वाटतो. शांततेची महती सर्वांना आधीच ठाऊक होती, पण तिच्या अभावाचा हिशेब कागदावर उतरेपर्यंत रबराचा तुकडाही कोणी बसविला नव्हता.

या जातीच्या शोधाचे सर्वांत परिपूर्ण उदाहरण मला मुलांच्या डोळ्यांच्या अभ्यासात दिसते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. दूरचे अंधुक दिसण्याचा दोष, म्हणजे निकटदृष्टिता, ही अतिवाचनाने किंवा आनुवंशिकतेने येते असा समज दीर्घकाळ रूढ होता, आणि पूर्व आशियातील शहरांत शाळकरी मुलांच्या डोळ्यांवर चष्मे चढू लागले तेव्हा तेथील पालकांनी व वैद्यांनी प्रथम बोट दाखविले ते पुस्तकांकडेच. २००८ साली कॅथरीन रोझ, इयान मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंगापूर आणि सिडनी या दोन शहरांतील सहा-सात वर्षांच्या, चिनी वंशाच्याच मुलांची तुलना प्रसिद्ध केली. सिंगापुरात या मुलांपैकी २९.१ टक्क्यांना हा दोष जडला होता, सिडनीत अवघ्या ३.३ टक्क्यांना. वंश एकच, आईबापांपैकी एकाला तरी हा दोष असण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे, आणि विशेष म्हणजे सिडनीतील मुले सिंगापूरच्या मुलांहून आठवड्याला अधिक पुस्तके वाचीत होती. मोठे अंतर आढळले ते घराबाहेर उघड्यावर घालविलेल्या वेळात: सिडनीत आठवड्याला १३.७५ तास, सिंगापुरात ३.०५ तास.

दोन शहरांत आणखीही शेकडो भेद असतात, तेव्हा चिकित्सक मनाचे एवढ्याने समाधान होणार नाही, आणि होऊही नये. म्हणून चीनमधील ग्वांगझौ शहरात बारा प्राथमिक शाळा घेऊन, त्यांपैकी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा एक तास बाहेर उघड्यावर घालविण्याची तजवीज करण्यात आली, आणि उरलेल्या सहा शाळांचा क्रम होता तसाच ठेवण्यात आला. तीन वर्षांनी नव्याने दोष जडलेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या गटात ३०.४ टक्के भरले, दुसऱ्या गटात ३९.५ टक्के. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. रोजच्या चाळीस मिनिटांनी, कोणतेही औषध न देता, दर शंभर मुलांमागे नऊ मुलांचा दोष निदान त्या तीन वर्षांपुरता टळला, एवढाच त्याचा अर्थ. पण एवढाच अर्थ एखाद्या शिक्षणाधिकाऱ्याला हुकमाचा मसुदा तयार करण्यास पुरेसा आहे.

कारणाचा शोध घेणाऱ्यांना जे आढळले ते याहून कुतूहलजनक आहे. चांगला उजेड असलेल्या वर्गखोलीतही प्रकाशाची तीव्रता, ती मोजण्याच्या लक्स या मापात, बहुधा काही शेच्या पुढे जात नाही, आणि स्वच्छ दिवशी आकाशाखाली ती दहा हजारांपासून लाखापर्यंत पोहोचते. आपले डोळे उजेडाशी जुळवून घेऊन हा भेद झाकून टाकतात, म्हणूनच तो आपल्याला जाणवत नाही. प्रखर प्रकाशात नेत्रपटलात डोपामाइन हे द्रव्य अधिक स्रवते आणि ते वाढत्या नेत्रगोलाला प्रमाणाबाहेर लांबट होऊ देत नाही, असा आजचा सर्वांत सबळ तर्क आहे. कोंबडीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत प्रखर प्रकाशाचा हा संरक्षक परिणाम दिसला, आणि डोपामाइनचे कार्य औषधाने रोखताच तो नाहीसाही झाला. म्हणजे मुलाच्या दृष्टीचे रक्षण करण्यात मैदानाच्या रम्यतेचा वाटा नाही, तेथील उजेडाचा आहे. निसर्गाचे असे पृथक्करण केल्याने त्याची थोरवी उणावते असे काही संवेदनशील माणसांना वाटते. मला तसे वाटत नाही. अखंड निसर्ग प्रत्येक मुलाच्या दारी आणून देणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. परंतु त्यातील कोणता अंश कोणत्या गरजेला उपयोगी पडतो हे कळले, तर तो अंश चाळीतल्या मुलालाही हक्काने मागता येईल.

याचा आपल्याशी असलेला संबंध तैवानमधील एका अभ्यासाने अधिक स्पष्ट केला आहे. तेथे वू पेइ-चांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा शाळांतील पहिलीच्या ६९३ मुलांचा अभ्यास करून २०१८ साली असे दाखविले की, भर उन्हात उभे राहण्याची मुळीच आवश्यकता नाही. सुमारे हजार लक्सच्या वरचा उजेड, जो झाडाखाली किंवा उघड्या व्हरांड्यात सहज मिळतो, तो पुरेसा वेळ मिळाला तरी लाभ होतो. विदर्भ-मराठवाड्यातील मुलांना चैत्र-वैशाखाच्या दुपारी मैदानावर काढा असे कोणीही शहाणा सांगणार नाही, आणि म्हणून दुसऱ्या हवामानातील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे आहे. परंतु ओसरी, पडवी, व्हरांडा आणि अंगणातली सावली यांची परंपरा आपल्या बांधकामात पूर्वापार आहे. जिल्हा परिषदेच्या जुन्या बैठ्या शाळांपुढचा तो लांब व्हरांडा आणि आवारातला लिंब किंवा वड, यांना कोणी आरोग्याची साधने म्हणून नोंदविले नाही. आणि गावाला काँक्रीटची दुमजली इमारत मंजूर झाली की खिडक्यांना जाळ्या ठोकलेल्या, दिवसाही दिवे लावावे लागणाऱ्या खोल्यांना प्रगतीचे लक्षण समजले जाते. एकदा जडलेला दोष बाहेर खेळल्याने उतरतो असा पुरावा नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. बाहेरच्या उजेडाचा लाभ मुख्यतः दोष जडण्यापूर्वी होतो, म्हणजे बालवाडीत आणि शाळेच्या पहिल्या काही वर्षांत. आणि नेमक्या याच वयाच्या मुलांना आपण स्पर्धेच्या धास्तीने सर्वांत आधी घरात कोंडू लागलो आहोत.

डोळ्यांच्या मानाने चित्ताचा अभ्यास अवघड. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने असा सिद्धांत मांडला की, प्रयत्नपूर्वक ठेवावे लागणारे अवधान थकते, आणि वृक्ष, जल, आकाश यांच्या सान्निध्यात मन अनायासे गुंतते म्हणून त्या थकलेल्या शक्तीला विसावा मिळतो. हा सिद्धांत मनाला पटतो, पण पटणे हा पुरावा नव्हे. बार्सिलोना येथे पायाम दादवंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ शाळांतील सात ते दहा वर्षांच्या २,५९३ मुलांची एका वर्षात चार वेळा परीक्षा घेतली. शाळेच्या आवारात व आसमंतात हिरवाई अधिक असलेल्या मुलांची कार्यकारी स्मृती, म्हणजे हाती असलेल्या कामापुरती माहिती मनात धरून ठेवण्याची शक्ती, वर्षभरात अधिक वाढलेली आढळली. पण या अभ्यासकांनी पुढे जाऊन हेही तपासले की हा लाभ कोणत्या वाटेने येतो, आणि त्यांना असे दिसले की त्याचा २० ते ६५ टक्के भाग वाहनांच्या धुरातील कार्बन कमी असण्याशी निगडित आहे. म्हणजे झाडांमुळे मन प्रसन्न होते ही गोष्ट असेल किंवा नसेल, पण झाडे जिथे अधिक असतात तिथे मोटारींचा धूर कमी असतो ही या अभ्यासात दिसली. शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा प्रश्न हा मुलाच्या स्मरणशक्तीचाही प्रश्न आहे, हे या आकड्यांनी मला दाखविले. डेन्मार्कमध्ये नऊ लाखांहून अधिक व्यक्तींच्या बालपणीच्या परिसराची उपग्रहाच्या चित्रांवरून हिरवाई मोजून, ती अत्यल्प असलेल्यांना पुढे मनोविकार होण्याचा धोका ५५ टक्क्यांपर्यंत अधिक आढळला, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. ही संख्या थोर आहे, तथापि त्यातून कार्यकारण सिद्ध होते असे स्वतः संशोधकही म्हणत नाहीत. फिनलंडमधील पाळणाघरांच्या आवारात जंगलातील माती व हिरवळ आणून घातली तेव्हा २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरील उपकारक सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रक्तातील प्रतिकारशक्तीच्या काही निदर्शकांत अनुकूल बदल दिसले. मुले होती ७५. मातीत हात घालणाऱ्या मुलावर ओरडण्यापूर्वी थबकावे, इतका विचार या लहान अभ्यासाने द्यावयास हरकत नाही.

आता नित्याच्या आचाराकडे वळू, आणि त्यातही झोपेकडे, कारण पश्चिम भारतात राहणाऱ्यांच्या दृष्टीने याविषयी एक विलक्षण निष्कर्ष उपलब्ध आहे. १९०६ साली साऱ्या देशासाठी एकच प्रमाणवेळ ठरली, ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि मुंबईचा सूर्य तिच्यामागे ३९ मिनिटे. मुंबईच्या नगरपालिकेने ही वेळ सहजासहजी स्वीकारली नाही, आणि 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत शहरात नांदत होता. त्या विरोधात राजकीय अस्मितेचा भाग मोठा होता हे खरे, पण सूर्य आणि घड्याळ यांतील हे अंतर शरीराला खरोखरच भोवते. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातील मुलांच्या दिनक्रमाच्या नोंदी आणि सूर्यास्ताच्या वेळा ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांना असे आढळले की जिथे सूर्य तासभर उशिरा मावळतो तिथे मुले उशिरा निजतात, पण शाळेची घंटा सर्वत्र सारख्याच सुमारास होत असल्यामुळे उठतात मात्र त्याच वेळी, आणि त्यांची सुमारे अर्ध्या तासाची झोप बुडते. अशा प्रदेशांत मुलांचे एकूण शालेय शिक्षणही सुमारे ०.८ वर्षाने कमी भरते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नागपूरचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी मावळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे एकाच राज्याला एकच शाळेची वेळ लावण्यातील अडचण लक्षात येते.

या अभ्यासातील जो तपशील मला विसरता येत नाही तो निराळाच आहे. हा तोटा गरिबांच्या मुलांना सर्वाधिक होतो. सुस्थितीतील घरात मुलाला स्वतंत्र खोली असते, पडदे असतात, उकाड्यावर पंखा असतो. ज्या घरात एकाच खोलीत रांधणे, पाहुण्यांशी बोलणे, टीव्ही पाहणे आणि निजणे चालते, त्या घरात शेवटचे मोठे माणूस आडवे होईपर्यंत मुलाला निजता येत नाही. मुलांनी लवकर निजावे असा उपदेश त्या घरातील आईला करणे हा तिच्यावर अन्याय आहे; आणि मोबाइलला सर्व दोष देऊन मोकळे होणे ही तितकीच सोयीची पळवाट आहे. बाहेर अंधार केव्हा होतो, घर केवढे आहे, पाणी पहाटे किती वाजता येते आणि शाळेची बस केव्हा येते, यांवरून मुलाच्या झोपेचे तास ठरतात, आणि यांतील एकही गोष्ट मुलाच्या हाती नसते. किंबहुना मुलांच्या वर्तनाची म्हणून जी पाहणी होते, तिच्यात पुष्कळदा मोठ्यांनी केलेल्या बंदोबस्ताचेच वर्णन असते.

चालण्याचेही तसेच. इंग्लंडमध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी एकट्याने शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण १९७१ साली ८० टक्के होते, ते १९९० साली ९ टक्क्यांवर आले, असे मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. रस्ते मुलांसाठी सुरक्षित झाले म्हणून अपघात घटले हा सरकारी दावा त्यांनी खोडून काढला आणि मुलेच रस्त्यावरून नाहीशी झाली आहेत हे निदर्शनास आणले. पुण्यात किंवा ठाण्यात आज राहणाऱ्या वाचकाला याचे भाष्य करून सांगण्याची आवश्यकता नाही.

मुलाचा भोवताल पाहून शाळा रचण्याच्या विचाराची प्रत्यक्ष कृती महाराष्ट्रात फार पूर्वी झाली आहे, आणि तिची आठवण वैज्ञानिक चर्चेत क्वचितच निघते याचे मला दुःख होते. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डी येथे आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघींनी १९५७ पासून डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम उभारले. माँटेसोरी पद्धतीची किमती साधने त्या मुलांना परकी होती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने यांची साधने त्यांनी बनविली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा अंगणात बालवाडी नेली. आणि थोडी मोठी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शिकणे थांबते हे ध्यानात येताच, मुलांना गुरांपासून तोडण्याऐवजी शिक्षकालाच कुरणात पाठवून कुरणशाळा सुरू केली. मूल दिवसभर काय करते, कोठे असते, केव्हा थकते, केव्हा मोकळे असते, याचे निरीक्षण आधी आणि शाळेची रचना मागाहून, हा त्यांचा क्रम होता. बार्सिलोनाच्या संशोधकांजवळ जी उपकरणे आहेत ती या दोघींजवळ नव्हती. परंतु मुलाचा भोवताल हा शिक्षणाचा बाहेरचा भाग नसून त्याचे अंग आहे, हे त्यांनी जितक्या गांभीर्याने घेतले तितके पुढच्या सरकारी यंत्रणेने घेतले नाही.

शासनाकडे इच्छाशक्ती अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे अशी तरतूद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा हुकूम काढला, आणि मुलांची अपुरी झोप हेच त्याचे कारण म्हणून नमूद केले. बसवाहतूकदारांनी व काही पालकांनी गैरसोयीची तक्रार केली, काही शाळांनी सबबी पुढे केल्या, आणि चर्चा नेहमीप्रमाणे कोणाची सोय कोणाच्या गैरसोयीवर उभी राहावी या वळणावर गेली. खरे म्हणजे असा हुकूम म्हणजे राज्यभर पसरलेला एक प्रयोगच असतो. ज्या शाळेची वेळ सातवरून नऊवर गेली तेथील मुले आधी किती निजत होती आणि आता किती निजतात, पहिल्या तासाला किती पेंगतात, वाचनात काही फरक पडतो की वाचलेली वेळ रात्रीच्या जागरणातच जाते, हे हुकमापूर्वी आणि हुकमानंतर नोंदवून ठेवले असते, तर तक्रार करणाऱ्यालाही उत्तर मिळाले असते आणि हुकूम काढणाऱ्यालाही. नऊची वेळ निष्फळ ठरली असती तर तेही कळणे मुलांच्या हिताचेच होते.

अशा नोंदींना मोठा खर्च किंवा परदेशी तज्ज्ञ लागत नाहीत. २०१३ साली पालघर येथे, म्हणजे कोसबाडपासून फारशा दूर नसलेल्या गावी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, आणि तेव्हापासून आरोग्य पथके अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत जाऊन मुलांची उंची, वजन, दृष्टी तपासून नोंदवहीत भरतात. त्या नोंदवहीत आणखी तीन रकाने आखावेत: मूल काल किती वाजता निजले आणि किती वाजता उठले, शाळेच्या वेळेत किती मिनिटे व्हरांड्यात, झाडाखाली किंवा मैदानावर होते, शाळेत चालत आले की वाहनाने, आणि कोणासोबत. गडचिरोली, लातूर, रत्नागिरी आणि मुंबई या चार ठिकाणांहून काही वर्षे जरी ही माहिती सारख्या पद्धतीने जमा झाली, तरी आपल्या उन्हाच्या, आपल्या पावसाच्या आणि आपल्या एकखणी घरांच्या परिस्थितीत मुलाला किती उजेड, किती झोप आणि किती चालणे लागते, हे सिडनी किंवा ग्वांगझौच्या आकड्यांवर न विसंबता सांगता येईल, आणि पुढच्या खेपेस एखाद्या शाळेचे मैदान इमारतीसाठी मागण्यात येईल तेव्हा मुख्याध्यापकाला त्या अर्जावर काय लिहावे हे ठाऊक असेल.